टिटव्यांची मोडपंखी : प्राण्यांच्या कल्पित पुराणातला ठक कसा घडवावा

बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी मराठीत भरपूर आहेत, पण बहुतेक माणसाने माणसासाठी सांगितलेल्या. पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो, ते राजपुत्रांनी नीती शिकावी म्हणून. इथे रचायचं आहे ते वेगळं. एखाद्या जमातीने आपल्याच पिल्लांना सांगाव्यात अशा गोष्टी: जग कसं झालं, पाणी कुणाचं, मरण कुठून आलं, आणि या सगळ्यांतून वाट काढणारा त्या जमातीचा लाडका ठक.

ठकच का, वीर का नाही? दुबळ्या जमातीला वीर परवडत नाही. दीडदोनशे ग्रॅमचा पक्षी घारीशी लढून जिंकला, हे त्याचं पिल्लूसुद्धा मानणार नाही. फसवून जिंकला म्हटलं की मानेल. म्हणून ज्यांना रोज कुणीतरी खायला टपलेलं असतं, त्यांच्या पुराणात ठक मध्यभागी असतो.

पुढच्या पायऱ्या एकच उदाहरण धरून चालतात, म्हणजे प्रत्येक सूचना लगेच पडताळून पाहता येईल. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: ठकाची चलाखी त्याच्या अंगातून आली पाहिजे. लेखकाच्या डोक्यातून आलेली चलाखी पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते.

पायरी १ : प्राणी निवडा आणि बघा

कोल्हा, कावळा, माकड नवशिक्याने टाळावेत. त्यांचा स्वभाव वाचकाने आधीच ठरवून टाकलेला असतो आणि तुमची अर्धी मेहनत तो पुसण्यात जाते. घरापासून पायी जाऊन बघता येईल, जमिनीवर राहत असेल आणि ज्याला किमान तीन वेगळ्या प्रकारचे शत्रू असतील असा प्राणी घ्या. आपण ताम्रमुखी टिटवी घेऊ. माळावर, तळ्याकाठी, पडीक प्लॉटवर, कधी कधी गच्चीवरही ती दिसते.

तिच्याबद्दल एवढं हाताशी असलं म्हणजे पुरे. लांबी ३२ ते ३५ सेंटिमीटर. डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी, लाल चोचीला काळं टोक, पाय पिवळे. नर आणि मादी दिसायला सारखेच. मार्च ते ऑगस्ट हा विणीचा काळ. घरटं म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, काठाला खडे किंवा शेळीच्या लेंड्या. अंडी बहुधा ४, मातीच्या रंगाची, ठिपकेदार. ती २८ ते ३० दिवसांत फुटतात. नर-मादी दोघंही उबवतात. उन्हाळ्यात अंडी तापू नयेत म्हणून पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि त्या ओल्या पोटाने बसतात. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात, आणि आईची हाक ऐकली की जमिनीला चिकटून खड्यासारखी निश्चल होतात. टिटवी रात्रीही जागी असते, चांदण्यात ओरडत फिरते. घरट्याजवळ शिकारी आला की ती पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेते.

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे टिटव्या त्याचं काय कारण सांगतील ते. डावा रकाना किमान २५ ओळींचा होईपर्यंत उजव्याला हात लावू नका. ही घाई सगळ्यात जास्त नुकसान करते: दोनतीन गोष्टी दिसताच कथा सुचू लागते आणि मग उरलेला पक्षी बघायचा राहून जातो.

विणीच्या काळात लांबून, दुर्बिणीने बघा. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागला तर तुम्ही फार जवळ आला आहात. आल्या वाटेने मागे फिरा. तुमच्यामुळे पक्षी उठून राहिला तर उन्हात अंडी तापतात आणि कावळ्यांना जागा कळते. अंड्यांना हात लावू नका, घरट्याचा फोटो जागेसकट कुठे टाकू नका.

पायरी २ : जमातीला काय ठाऊक नाही ते ठरवा

नवशिके देवदेवतांची वंशावळ रचत बसतात. त्याआधी या जमातीच्या जाणिवेची कड आखून घ्या. टिटवीला धरण माहीत नाही; पाणी पुढे येतं आणि मागे जातं एवढं माहीत आहे. ट्रॅक्टर माहीत नाही. पुढून चिरडणारं आणि मागे किडे वर काढून ठेवणारं काहीतरी माहीत आहे. म्हणजे नांगर तिच्या पुराणात मारणाराही आहे आणि खाऊ घालणाराही. असा दुहेरी देव तुम्हाला टेबलाशी बसून सुचला नसता.

सूर्य आपल्याकडे पूज्य. मे महिन्यात मुरमावर अंडी घातलेल्या पक्ष्याला तो मित्र वाटेल का? टिटव्यांच्या पुराणात तो चोर करा, अंड्यांतला ओलावा चोरणारा. ओलं पोट ही तिची रोजची पूजा.

आकडा ठरवा. माणसांच्या लोककथांत गोष्टी तीनदा घडतात, व्रतांच्या कहाण्यांत सात बहिणी आणि सात सुना असतात. टिटव्यांचा आकडा चार. चार दिशा, चार वारे, चार वेळा प्रयत्न. चौथा फसला की "खळगा रिता झाला" म्हणायचं. हा आकडा शेवटपर्यंत पाळा. एकाही गोष्टीत सवयीने तीन आले तर बांधणी सैल पडते.

देव दोनच ठेवा, एक घडवणारा आणि एक नेणारा. त्याहून जास्त झाले की ठकाला जागा उरत नाही.

पायरी ३ : नाव

आपली नायिका मादी आहे. जगातले गाजलेले प्राणी-ठक बहुतेक नर: पश्चिम आफ्रिकेचा कोळी अनान्सी, उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा कायोटी, मध्ययुगीन युरोपातला कोल्हा रेनार्ड. टिटवीत दोघंही अंडी राखतात, दोघंही सोंग करतात, त्यामुळे नर असायलाच हवा असं काही कारण नाही.

नाव तिच्या करणीवरून घ्या, गुणावरून नको. "चतुरा" मेलेलं नाव आहे. "मोडपंखी" म्हटलं की कृती दिसते. शिवाय आणखी दोन नावं हवीत. शत्रू तिला "खोटी" म्हणतात. पिल्लं तिला "चौघांची आय" म्हणतात. कोण कुठल्या नावाने बोलतो यावरूनच सांगणाऱ्याची बाजू कळते, वेगळं सांगावं लागत नाही. संस्कृत वळणाची भारदस्त नावं टाळा. माळावरचे देव खंडोबा, बिरोबा, म्हसोबा आहेत. नाव त्या मातीतलं वाटलं पाहिजे.

पायरी ४ : एक वर, एक खोट

वर एकच द्या. मोडपंखीचा वर: न मोडलेला पंख मोडल्यासारखा दाखवता येतो. एवढंच. उडण्याचा वेग, रूप बदलणं, मंत्र, काही नाही.

खोट मात्र वराइतकीच ठळक हवी आणि तीही अंगातूनच यावी. टिटवी गप्प बसत नाही. तिच्या ओरडण्याने सगळा माळ सावध होतो आणि तिचा स्वतःचा ठावठिकाणाही उघड होतो. तेव्हा मोडपंखीची खोट ही, की जिंकल्यावर तिला तोंड आवरत नाही. फसवणूक पुरी झाली, शत्रू लांब गेला, आता निमूट परत यावं, तर ही वर उडून ओरडणार: फसवलं, फसवलं! आणि त्या ओरडण्याने पुढचं संकट येतं.

लोककथांतले टिकलेले ठक असेच आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गोष्टींतला ससा डांबराच्या बाहुलीला चिकटतो, कारण तिने रामराम घेतला नाही हे त्याला सहन होत नाही आणि तो तिला ठोसा मारतो. बाहुली काहीच करत नाही. त्याचा रागच त्याला चिकटवतो. खोट नसलेला ठक दुसऱ्या गोष्टीतच कंटाळवाणा होतो, कारण तो जिंकणार हे ठरलेलं असतं.

पायरी ५ : चलाखीची बांधणी

सगळी कारागिरी इथे आहे, म्हणून इथे सावकाश जा.

चांगल्या चलाखीत ठक शत्रूला नवं काही पटवत नाही. शत्रूला जे आधीच हवं असतं किंवा ज्याचा त्याला अभिमान असतो, तेच त्याच्यासमोर ठेवतो. घानातल्या अकान लोकांच्या कथेत आकाशदेव न्यामे याच्याकडून गोष्टी विकत घेण्यासाठी अनान्सीला अजगर आणून द्यायचा असतो. तो अजगराशी लढत नाही. तू या काठीपेक्षा लांब की आखूड, यावर घरी वाद चाललाय म्हणतो. अजगर आपण होऊन काठीलगत ताणून पडतो आणि मापाच्या नावाखाली बांधला जातो. गांधीलमाश्यांवर तो पाणी शिंपडतो आणि पाऊस आला म्हणून भोपळ्यात शिरायला सांगतो. अजगराला लांबी नडली, माश्यांना पावसाची भीती. मलय आणि इंडोनेशियाच्या कथांतला कांचिल, म्हणजे आपल्याकडच्या पिसोरी या इवल्या हरणासारख्या प्राण्याचा भाऊबंद, मगरींना राजाच्या हुकमाने मोजायचं आहे म्हणून रांगेत उभं करतो आणि त्यांच्या पाठींवरून नदी ओलांडतो.

आता मोडपंखीची मुख्य गोष्ट बांधू. जागा खरी घ्या: भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, भिगवणच्या बाजूचा. हिवाळा सरला की पाणी मागे हटत जातं, काठाची जमीन उघडी पडते आणि टिटव्यांना अंडी घालायला जागा होते. टिटव्यांना याचं कारण हवं.

पहिला प्रश्न, गरज काय? पाणी सगळीकडे पसरलंय, एकच पट्टी कोरडी, तिथे चार अंडी.

दुसरा प्रश्न, पाण्याचा स्वभाव काय? पाणी उताराकडे जातं. त्याला स्वतःला थांबवता येत नाही. पण त्याचा अभिमान उलटा आहे: मी कुणापुढे हटत नाही, मी फक्त पुढे जातो.

तिसरा, ठकाच्या अंगात काय आहे? मोडका पंख.

जुळवा. मोडपंखी पाण्याच्या काठाशी पंख ओढत येते. पाण्याला वाटतं, ही तर आयतीच मिळाली. ते एक वीत सरकतं, ती दीड वीत सरकते. ते हातभर, ती दोन हात. ती सतत उताराकडे सरकते आहे. चार दिवस असं चालतं. दरीच्या तळाशी पोचल्यावर ती उडते. पाणी वर बघतं, आणि त्याला चढता येत नाही. ते हटलेलं नाही, पुढेच गेलं आहे. त्याचा अभिमानही शाबूत आहे.

मग खोट. वर उडताना तिला गप्प बसवत नाही, ती ओरडते. पाण्याला कळतं की आपण फसलो. ते शपथ घेतं: पहिल्या ढगाने मला उचललं की मी परत येईन, आणि तोवर जे अंड्यातच असेल ते माझं. तेच ओरडणं ऐकून घार खाली येते आणि चारांतलं एक अंडं नेते.

एका गोष्टीत तीन खऱ्या गोष्टींचा उलगडा झाला: पाणी उन्हाळ्यात मागे का जातं, काठावर उशिरा घातलेली अंडी का बुडतात, टिटवी उडताना का ओरडते. एका कथेला तीन उलगडे म्हणजे हद्द झाली; चौथा घातला तर ती यादी वाटेल.

पंचतंत्रातल्या मित्रभेदात टिटवीची अंडी समुद्र नेतो आणि शेवटी गरुड आणि विष्णू मध्ये पडतात तेव्हा ती परत मिळतात. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातही चोचीने सागर मोजायला निघालेली टिटवी आहे, आणि "टिटवीदेखील समुद्र आटवते" ही म्हण तर आहेच. ही परंपरा माहीत असू द्या, पण तिथला शेवट उचलू नका. टिटव्यांनी सांगितलेल्या गोष्टीत सोडवायला मोठा देव येत नाही. आला तर ठकाचं काम संपलं.

इथे नेहमी बिघडतं ते असं. शत्रू मूर्ख दाखवला जातो. मूर्खाला फसवण्यात काय मोठेपणा? शत्रूच्या जागी आपण तरी असंच केलं असतं असं वाचकाला वाटलं पाहिजे. दुसरं, चलाखी बोलण्यातच घडते, अंगाला काही करावंच लागत नाही, आणि टिटवीच्या जागी बिरबल ठेवला तरी चालेल अशी गोष्ट होते. तिसरं, विजयाची किंमत मोजावी लागत नाही. प्रत्येक विजयात काहीतरी गमवा, अंडं, पीस, झोप.

पायरी ६ : जिथे चलाखी चालत नाही

मुंगूस, घार, कावळा, साप असे शत्रू प्रत्येकाला सुचतात. शेळी सुचत नाही, आणि ती सगळ्यात मोलाची आहे.

शेळ्यांचा कळप घरट्यावरून चालत येतो तेव्हा टिटवी मोडक्या पंखाचं सोंग करत नाही. ती घरट्यापाशीच उभी राहून पंख पसरते आणि किंचाळते. कारण उघड आहे: शेळीला टिटवी खायचीच नाही. तिला मोडक्या पंखाचा मोह कसा पडणार? फसवायला समोरच्याला हाव लागते. जिथे हाव नाही तिथे ठक निःशस्त्र.

यावर स्वतंत्र गोष्ट लिहाच. मोडपंखी चार वेळा सोंग करते, शेळ्या चार वेळा गवत खात पुढे येतात. सगळी जमात बघते आहे. शेवटी तिला आयुष्यात पहिल्यांदा खरं वागावं लागतं, अंड्यांपुढे उभं राहावं लागतं. ही गोष्ट पुराणाच्या मध्यावर ठेवा. तिच्यामुळे आधीच्या चलाख्यांना वजन येतं आणि नंतर वाचक तिच्यासाठी घाबरू लागतो.

शेरास सव्वाशेर म्हणून कावळा घ्या. तो मोडपंखीच्या मागे जातच नाही. ती जिकडे ओढते त्याच्या उलट दिशेला तो चालू लागतो. त्याच्याशी दुसऱ्यांदा गाठ पडते तेव्हा ती खऱ्या घरट्याच्या दिशेनेच लंगडते. हा डाव एकदाच वापरा. पुन्हा आला की शह-प्रतिशहाचं गणित सुरू होतं आणि पक्षी नाहीसा होतो.

पायरी ७ : सांगण्याची भाषा

ही तोंडी पुराणं आहेत, तेव्हा वाक्यं कानाला लागली पाहिजेत. कहाण्यांचं वळण वापरा, शब्द आपले घाला. "आटपाट नगर होतं" ऐवजी "आटपाट माळ होता. माळावर गवत नव्हतं, गवताला नाव नव्हतं." शेवट "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी" सारखा ठरलेला ठेवा, उदाहरणार्थ: "चौघांची कहाणी, खळग्यात सांगितली, पंखाखाली राहिली." प्रत्येक गोष्टीला तोच आरंभ, तोच शेवट. मध्ये एक धृपद, चार वेळा येणारं. चौथ्यांदा येताना त्यात एक शब्द बदला.

एक गोष्ट ६०० ते ९०० शब्दांत बसवा. त्याहून लांब गेली की सांगणारा लेखक दिसू लागतो. वर्णन टिटवीच्या उंचीवरून करा: गवत कमरेला नाही, गवत आभाळाला. तुलना करायची तर तिच्या जगातल्या वस्तूशी. "आरशासारखं पाणी" टिटवी म्हणणार नाही.

दोन सांगणाऱ्यांचे मतभेद मुद्दाम ठेवा. तळ्याकाठच्या टिटव्या म्हणतात घारीने एक अंडं नेलं, माळावरच्या म्हणतात दोन. खरी पुराणं अशीच असतात, पाठभेदांसकट.

पायरी ८ : माणसांच्या समजुती तिच्या ताब्यात द्या

टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असं आपल्याकडे म्हणतात. तिने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, हा शेतकऱ्यांचा आडाखा. आणि ती पाठीवर पडून पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर पायांवर झेलायला, अशीही समजूत आहे. प्रत्यक्षात ती तशी झोपत नाही.

मग हे माणसाला सांगितलं कुणी? मोडपंखीने. नांगर घरट्याकडे येताना ती पाठीवर पडली, पाय वर केले आणि दोनपायी प्राण्याला म्हणाली, "मी उठले तर आभाळ खाली येईल." नांगरणाऱ्याने वर बघितलं आणि तेवढा तुकडा सोडून दिला. इथे माणसाला मूर्ख करू नका. त्याने खोटं ओळखलं आणि तरी सोडलं, असं लिहिता येतं का बघा. त्यात दोघांनाही मान राहतो. नांगरताना घरटं दिसलं म्हणून तेवढी जागा सोडणारे शेतकरी आहेत, ही गोष्ट त्यांच्या कामी येईल.

पहिल्या संचाला सात गोष्टी पुरेत: जग कसं झालं, वर कसा मिळाला, पाणी, मुंगूस, शेळी, कावळा, नांगर. मरणाची गोष्ट लगेच लिहू नका. ठक कसा मेला हे जमातीत कुणालाच नक्की ठाऊक नसतं, आणि तेच बरं.

तपासणी

सातही गोष्टी मोठ्याने वाचा, शक्यतो आठदहा वर्षांच्या मुलांसमोर. मुलं "मग ती सरळ उडून का नाही गेली?" असं विचारतील. उत्तर गोष्टीत नसेल तर गोष्ट परत बांधायची. टिटवीच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, अंडी उडत नाहीत. पण ते पहिल्या दहा ओळींत येऊन गेलेलं हवं.

मग नायिकेचं नाव खोडून तिथे ससा किंवा खार घाला. गोष्ट तशीच चालली तर ती टिटवीची नव्हती. वहीच्या डाव्या रकान्याकडे परत जा. न चालली तर पुढचं काम हाती घ्या: पक्षी बघणाऱ्या कुणाकडून तपशील तपासून घ्या. पाय कुठल्या रंगाचे, अंडी किती, पिल्लं घरट्यात थांबतात की नाही. पाणी शपथ घेतं हे वाचक मान्य करतो. टिटवी फांदीवर घरटं बांधते असं लिहिलंत, तर पुढचं एकही वाक्य तो मानणार नाही.